बधिर पायांची वहाण

पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी स्थापन झालेले ‘शांतिवन’ आहे. हा रोग औषधाने बरा होतो. परंतु बधिर झालेल्या पायांची संवेदना पुष्कळदा परत येत नाही. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. तेव्हा पायाची राखण वहाणेनेच करावयाची!

१९४६ साली वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी अशा पायांसाठी वहाणा घडविल्या. आत मऊ रबर, खाली टणक तळ. खिळा एकही नाही. मागे पट्टा, कारण वहाण निसटली तरी बधिर पायाला समजत नाही. इतके असूनही अनेकांनी असल्या वहाणा नाकारल्या. त्यांच्या वेगळ्या रूपावरून लोक रोग ओळखीत. म्हणून पुढे त्या चारचौघांच्या वहाणांसारख्या दिसतील अशा बनविण्यात येऊ लागल्या.