कधीच न झालेल्या लढतींचे निकाल

२० जानेवारी १९७० च्या रात्री अमेरिकेतल्या सुमारे दीड हजार चित्रपटगृहांत एकाच वेळी एक लढत दाखवली गेली. एका बाजूला मुहम्मद अली, दुसऱ्या बाजूला रॉकी मार्सियानो. तेराव्या फेरीत मार्सियानोच्या ठोशाने अली कोसळला आणि पंचाचे दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही. लोक तिकीट काढून आले होते आणि निकाल काय लागतो हे खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं. भानगड एवढीच, की ही लढत झालीच नव्हती. मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला होता आणि अली व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला १९६० मध्ये. पडद्यावर मार्सियानोचा हात विजेता म्हणून वर जात होता, तेव्हा विमान अपघातात त्याचा मृत्यू होऊन साडेचार महिने उलटले होते.

हे डोकं होतं मायामीच्या मरी वोरोनर या रेडिओ निर्मात्याचं. ‘आपल्या काळातला हा, त्या काळातल्या त्याला भारी पडला असता का?’ हा वाद बॉक्सिंगच्या शौकिनांत पहिल्यापासूनचा. वोरोनरने तो सोडवायचं काम संगणकावर सोपवलं. १९६७ मध्ये त्याने सोळा हेवीवेट विजेते निवडले, बॉक्सिंगच्या जाणकारांकडून प्रत्येकाच्या वेगाची, ताकदीची, दमाची आणि मार सोसण्याच्या तयारीची माहिती मागवली आणि ती एका एनसीआर संगणकाला पुरवली. संगणकाने फेरीगणिक जे सांगितलं त्यावर रेडिओसाठी रंगतदार समालोचन बेतलं गेलं. स्पर्धा मार्सियानोने जिंकली. अलीला मात्र उपांत्यपूर्व फेरीत जिम जेफ्रीजकडून, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या विजेत्याकडून, हरवण्यात आलं. अली भडकला. आपल्या नावाला बट्टा लागला म्हणून त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड होऊन त्यातून निघाला तो हा चित्रपट.

चित्रीकरण १९६९ च्या उन्हाळ्यात मायामीतल्या एका स्टुडिओत झालं. पंचेचाळिशीला टेकलेल्या मार्सियानोने त्यासाठी भरपूर वजन उतरवलं आणि डोक्यावर टोप चढवला. अलीला व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यापासून लढायला बंदी होती आणि पैशांची चणचण होती. दोघांनी एकेका मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या खेळल्या. रक्ताच्या जागी टोमॅटो केचप वापरलं. शेवट एक नव्हे, अनेक चित्रित झाले. कोणता दाखवायचा हे दोघांनाही सांगितलं नव्हतं. पुढे युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला, तेव्हा संगणकाला प्रेक्षक कुठले आहेत हेही कळत होतं म्हणायचं! अमेरिकेतला निकाल पाहून अलीने टोला हाणला, की हा संगणक अलाबामात बनवलेला दिसतो. वर्णद्वेषासाठी बदनाम असलेल्या राज्याचं नाव त्याने उगाच घेतलं नव्हतं.

वोरोनरचा संगणक आजच्या मानाने अगदी बाळबोध होता, पण त्याची खरी अडचण यंत्राची नव्हती. बॉक्सरला गुण द्यावेत, गुणांची बेरीज करावी आणि बेरीज जास्त असेल तो जिंकेल असं समजावं, ही रीतच या खेळात टिकत नाही. सत्तरच्या दशकातच याचा पुरावा मिळाला. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला हरवलं. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. त्यानंतर केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं, त्या नॉर्टनलाही फोरमनने दोन फेऱ्यांत गुंडाळलं. बेरीज करणाऱ्याने अलीच्या नावावर तिथेच फुली मारली असती. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत चीत केलं.

फारशी चर्चा न झालेलं आणखी एक त्रिकूट आहे. १९८४ मध्ये टॉमी हर्न्सने रोबेर्तो डुरानला दोन फेऱ्यांत असं आडवं केलं की तो मुकाबला वाटलाच नाही. १९८८ मध्ये आयरन बार्कलेने हर्न्सला तिसऱ्या फेरीत गारद केलं. पुढच्याच वर्षी सदतिशीतल्या डुरानने बार्कलेकडून मिडलवेटचं विजेतेपद हिसकावलं. यांतला थोर कोण याचं उत्तर देता येईल, पण कोण कुणाला हरवेल याचं उत्तर त्यातून निघणार नाही. फ्रेझर सतत पुढे सरकत अंगावर जायचा. पाय आणि जॅब यांवर खेळणाऱ्या अलीला ते जड जायचं, तर पुढे येणाऱ्याला ढकलून मोठा ठोसा लगावणाऱ्या फोरमनला ती पर्वणी वाटायची. जाणकारांचं एक ठरलेलं वाक्य आहे, लढती शैलींमुळे घडतात. काल्पनिक लढतीच्या वादात ते पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतं आणि सहाव्या मिनिटाला सगळे ते विसरतात.

दुसरा पेच वजनाचा. हेवीवेट गटाला वरची मर्यादा नाही आणि गेल्या सत्तर वर्षांत हा गट फुगतच गेला. मार्सियानो लढायचा तेव्हा त्याचं वजन साधारण ८५ किलो असे, उंची पाच फूट दहा इंच. आज २०० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास ९१ किलोपर्यंत क्रूझरवेट हा वेगळा गट आहे आणि मार्सियानो त्यातच बसला असता. मे २०२४ मध्ये रियाधला ऑलेक्झांडर उसिक आणि टायसन फ्यूरी भिडले तेव्हा फ्यूरीचं वजन ११९ किलोच्या घरात होतं. म्हणून मार्सियानो आजच्यांपुढे टिकला नसता असं म्हणणाऱ्यांना सोयीस्करपणे विसरावं लागतं, की ती लढत जिंकली उसिकने आणि त्याचं वजन होतं सुमारे १०१ किलो. उसिक मुळात क्रूझरवेटमधूनच वर आलेला.

नियमांचा मुद्दा लोक सहसा काढतच नाहीत, आणि खरी मेख तिथे आहे. ४ जुलै १९१९ रोजी टोलीडोत जॅक डेम्प्सीने साडेसहा फुटी जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. विलर्ड उठू लागला की डेम्प्सी शेजारीच उभा असायचा, तो पुरता सरळ होण्याआधीच पुढचा ठोसा बसायचा. तेव्हा ते नियमात बसत होतं. १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीविरुद्ध पाडणाऱ्याने आधी दूरच्या कोपऱ्यात जावं असा नियम लागू होता. टनीला पाडल्यावर डेम्प्सी सवयीने तिथेच रेंगाळला, पंचाने मोजणं उशिरा सुरू केलं, टनीला काही जास्तीचे सेकंद मिळाले आणि त्याने लढत जिंकली. आता डेम्प्सी विरुद्ध जो लुई किंवा माइक टायसन अशी लढत लावायची तर कुठल्या सालच्या नियमांनी? फेऱ्या पंधरा की बारा? १९८२ मध्ये लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चार दिवसांनी मरण पावला आणि त्यानंतर विजेतेपदाच्या लढती हळूहळू बारा फेऱ्यांवर आल्या. मार्सियानोने १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटकडून विजेतेपद घेतलं तेव्हा तो गुणांवर मागे होता. त्याचा निर्णायक उजवा ठोसा पडला तेराव्या फेरीत. बारा फेऱ्यांच्या जमान्यात कदाचित तो त्या रात्री विजेता झालाच नसता.

काहींच्या बाबतीत तर बघायलाच काही नाही. टनीला व्यावसायिक कारकिर्दीत हरवणारा एकमेव बॉक्सर हॅरी ग्रेब. त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज उपलब्ध नाही, आहे ती फक्त सरावाची थोडी दृश्यं. तरीही सर्वकालीन मिडलवेटच्या याद्यांत तो अग्रभागी असतो, केवळ जुन्या वर्तमानपत्रांच्या आधारावर. ‘द रिंग’ मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी हेवीवेटमध्ये जॅक जॉन्सनला पहिलं स्थान दिलं होतं. त्यांनी जॉन्सनला प्रत्यक्ष पाहिलं होतं हे त्यांचं बलस्थान, आणि तारुण्यात पाहिलं होतं हा त्यातला धोका. गावसकर की तेंडुलकर यावर ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना हे निराळं सांगायला नको.

मग अली विरुद्ध मार्सियानो याचं काय? अटी ठरवल्या तर बोलता येतं. साल १९६७, फेऱ्या पंधरा, पाडल्यावर कोपऱ्यात जाण्याचा नियम लागू. मार्सियानोच्या बाजूने बोलणारे फ्रेझरकडे बोट दाखवतात, ठेंगणा आणि अंगावर येणारा डाव्या हुकचा बॉक्सर अलीला नेहमीच त्रासदायक ठरला म्हणतात. हेन्री कूपरनेही १९६३ मध्ये अलीला डाव्या हुकने पाडलं होतं आणि कूपर मार्सियानोच्याच वजनाचा होता. हे खरं आहे. पण अलीच्या हातांचा पल्ला मार्सियानोपेक्षा दहा इंचांनी जास्त, आणि मार्सियानोची कातडी लवकर फाटायची. १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सविरुद्ध त्याचं नाक असं चिरलं, की लढत थांबते की काय अशी वेळ आली. आठव्या फेरीत चार्ल्सला लोळवून त्याने ती वेळ टाळली. अलीच्या जॅबपुढे पंधरा फेऱ्या ते नाक टिकलं असतं असं वाटत नाही. दहाव्या-अकराव्या फेरीत जखमेमुळे लढत थांबली असती आणि अली जिंकला असता. ४९ पैकी ४९ जिंकलेल्या माणसाबद्दल हे म्हणताना जीभ अडखळते, पण नाइलाज आहे.

खऱ्या आयुष्यात दोन काळ आमनेसामने आले तेव्हा त्यातून कुठलाच वाद मिटला नाही. ४ जुलै १९१० रोजी रेनोत जेफ्रीज सहा वर्षांच्या निवृत्तीनंतर परतला. काळ्या विजेत्या जॉन्सनला गोऱ्याने हरवावं म्हणून त्याला आणलं होतं. जॉन्सनने पंधराव्या फेरीत त्याला संपवलं, देशभर वांशिक दंगली उसळल्या आणि जेफ्रीजचे चाहते ‘ऐन उमेदीतला जेफ्रीज असता तर’ म्हणत राहिले. ऑक्टोबर १९५१ मध्ये सदतीस वर्षांच्या जो लुईला मार्सियानोने आठव्या फेरीत रिंगच्या दोरांबाहेर लोटलं. लुई मार्सियानोचा आदर्श होता. त्या लढतीने ऐन भरातल्या लुईबद्दल काहीही सिद्ध झालं नाही, हे मार्सियानोलाही कळत होतं.

त्यामुळे शतकं ओलांडणाऱ्या लढतींपेक्षा एकाच काळात, एकाच शहरात होऊ शकली असती पण होऊ दिली नाही अशा लढतींवर वाद घालणं जास्त मोलाचं आहे. सॅम लँगफर्ड या काळ्या बॉक्सरला हेवीवेटच्या विजेतेपदासाठी कुणी कधी उभंच केलं नाही. जॉन्सनने विजेता झाल्यावर त्याला टाळलं, आणि लँगफर्डची आपल्याला भीती वाटत होती हे डेम्प्सीने स्वतःच पुढे आत्मचरित्रात कबूल केलं. हॅरी विल्सचं प्रकरण याहून उघड होतं. वीसच्या दशकात तो डेम्प्सीचा सरळसरळ पहिला आव्हानवीर होता. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने डेम्प्सीला विल्सशी लढायला बजावलं, १९२५ मध्ये करारही झाला. पण काळा आव्हानवीर आयोजकांना नको होता. सप्टेंबर १९२६ मध्ये डेम्प्सी फिलाडेल्फियाला जाऊन टनीशी लढला आणि विजेतेपद गमावून बसला.

डेम्प्सी-विल्स लढत १९२० मध्ये झाली असती तर डेम्प्सी चार-पाच फेऱ्यांत जिंकला असता. थोराड, उंच बॉक्सर हे त्याचं आवडतं सावज होतं आणि विल्स तसाच होता. १९२५ मध्ये झाली असती तर उत्तर वेगळं आहे. सप्टेंबर १९२३ मधल्या फिर्पो या आव्हानवीराविरुद्धच्या लढतीनंतर डेम्प्सी तीन वर्षं विजेतेपदासाठी रिंगमध्ये उतरलाच नव्हता, त्याचे पाय जड झाले होते. विल्स तोपर्यंत लढत होता आणि १९२४ मध्ये त्याच फिर्पोवर त्याने बारा फेऱ्या वर्चस्व गाजवलं होतं. तेव्हा विल्स गुणांवर जिंकला असता. १९३७ पर्यंत जगाने जॉन्सननंतरचा एकही काळा हेवीवेट आव्हानवीर विजेतेपदासाठी लढताना पाहिला नाही. पहिली संधी मिळाली ती त्या वर्षी जूनमध्ये, जो लुईला.