दाब उतरला, पण ऑपरेशन यशस्वी झालं का?

सिनॉप्सिस लिहिताना आपण विषय आणि पद्धत यांवर महिनोन् महिने डोकं खाजवतो. पण 'यश कशाला म्हणणार आणि ते कसं मोजणार' या मुद्द्यावर एखादी ओळ लिहून पुढे जातो. तीच ओळ कधीकधी सगळा निकाल ठरवते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियांवरचं संशोधन याचं चांगलं उदाहरण आहे. तुमचा विषय वैद्यकीय नसला तरी हे समजायला अडचण येणार नाही.

आधी थोडी ओळख. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पारदर्शक द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातो. हा निचरा अडला की दाब वाढतो. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते आणि गेलेली नजर परत मिळत नाही. नुकसान थोपवायचा आजचा सिद्ध मार्ग म्हणजे दाब कमी करणं: थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियांपैकी दोन मुख्य आहेत. ट्रॅबेक्युलेक्टोमीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखं छोटं दार करतात आणि द्रव वरच्या पापणीआड, पातळ आवरणाखाली झिरपत राहतो. दुसरीत सिलिकॉनची बारीक नळी बसवून द्रव मागच्या बाजूच्या प्लेटपर्यंत नेतात. आपल्याकडे मदुराईची ऑरोलॅब अशी नळी कमी किमतीत बनवते.

यातली कुठली चांगली? हे तपासायला 'ट्यूब व्हर्सस ट्रॅबेक्युलेक्टोमी' ही चाचणी झाली. 212 रुग्ण घेतले आणि कोणाला कुठलं ऑपरेशन हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. 2012 मध्ये पाच वर्षांचे निकाल आले. नळीच्या गटात अपयश 29.8 टक्के, ट्रॅबेक्युलेक्टोमीच्या गटात 46.9 टक्के. म्हणजे नळी जिंकली?

आता त्याच पेपरमधले दाबाचे आकडे बघा. पाच वर्षांनी सरासरी दाब नळीच्या गटात 14.4 मिमी पारा, तर ट्रॅबेक्युलेक्टोमीच्या गटात 12.6. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. दाब जवळपास सारखा, मग अपयशात एवढी तफावत कशी?

उत्तर व्याख्येत आहे. या चाचणीत अपयश म्हणजे पुढीलपैकी काहीही: दाब 21 च्या वर, किंवा मूळ दाबापेक्षा 20 टक्केसुद्धा न उतरलेला, किंवा 5 वा त्याहून कमी (फार कमी दाबानेही नजर जाऊ शकते), किंवा काचबिंदूसाठी पुन्हा ऑपरेशन, किंवा प्रकाशाचीही जाणीव न उरणं. दाबाच्या अटी सलग दोन तपासण्यांत दिसायला हव्यात. पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण नळीच्या गटात 9 टक्के होतं, ट्रॅबेक्युलेक्टोमीच्या गटात 29 टक्के. आणि पुन्हा ऑपरेशन करायचं का, हे ठरवणाऱ्या सर्जनला पहिलं कुठलं झालंय ते माहीत असतं. म्हणजे या मोजमापात रुग्णाच्या डोळ्याबरोबर डॉक्टरचा निर्णयही मिसळलेला आहे. यात लबाडी नाही, पण वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

व्याख्येचा परिणाम साध्या गणितानेही दिसतो. समजा, एकाचा दाब 24 वरून 20 वर आला. घट 17 टक्क्यांच्या आत, म्हणून अपयश. दुसऱ्याचा 40 वरून 21 वर आला, तो यशस्वी. पण दुसऱ्याची नस आधीच बरीच खराब असेल, तर 21 हा दाब त्याची उरलेली नजरही नेऊ शकतो. कागदावर तो 'यश' या रकान्यात, घरी मात्र जिना उतरताना पायऱ्या चाचपतोय.

दुसरा प्रश्न: चाचणीत रुग्ण कोण होते? या चाचणीतले डोळे आधी मोतीबिंदूचं किंवा ट्रॅबेक्युलेक्टोमीचं ऑपरेशन झालेले होते. पुढे त्याच धर्तीवर, पहिल्यांदाच ऑपरेशन होणाऱ्या डोळ्यांवर चाचणी झाली. तिथे एका वर्षाचं अपयश नळीत 17.3 टक्के आणि ट्रॅबेक्युलेक्टोमीत 7.9 टक्के. निकाल चक्क उलटा! पाच वर्षांपर्यंत मात्र दोन्ही गटांतला फरक लक्षणीय उरला नाही. म्हणजे 'कुठली चांगली' याचं उत्तर 'कोणासाठी आणि किती काळाने' हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

तिसरा प्रश्न: दाब मोजायचा की माणसाचं जगणं? ब्रिटनमध्ये निदान होतानाच काचबिंदू खूप वाढलेल्या 453 रुग्णांवर 'टॅग्ज' ही चाचणी झाली. एका गटाला सुरुवातीलाच ट्रॅबेक्युलेक्टोमी, दुसऱ्याला थेंब. मुख्य मोजमाप होतं नजरेशी निगडित जीवनमानाची प्रश्नावली. 2021 मध्ये दोन वर्षांचे निकाल आले. दाब ऑपरेशनच्या गटात स्पष्टपणे कमी (12.4 विरुद्ध 15.1), पण प्रश्नावलीच्या गुणांत दोन्ही गट जवळपास सारखे. मग ऑपरेशन वाया गेलं का? तसं नाही. नस हळूहळू खराब होते, त्यामुळे कमी दाबाचा फायदा रोजच्या जगण्यात दिसायला दोन वर्षं अपुरी पडू शकतात. सोपं मोजमाप लवकर हलतं. ज्याच्यासाठी उपचार करतो ते उशिरा हलतं.

तुमचा विषय शेतीचा असो वा शिक्षणाचा, सिनॉप्सिस गाईडकडे देण्याआधी चार गोष्टी लिहून काढा. यशाची व्याख्या एका वाक्यात, आकड्यांसह. ती रेषा तिथेच का, याचं कारण. रेषा थोडी वर-खाली केली तर निकाल टिकतो का, हे कसं तपासणार. आणि मोजमाप कोणाच्या हातात आहे, त्याला गट माहीत असतो का. हे सगळं डेटा गोळा करायच्या आधी लिहायचं. डेटा हातात आल्यावर रेषा आखली, तर ती आपल्याला हवी तिथेच पडण्याचा धोका असतो.