पासपोर्ट देऊन घेतलेली निळी जर्सी

‘औंधला चाललेय’ असं पुण्यात म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘कुठे, परिहार चौकात का?’ नाही हो! आमचं औंध साताऱ्याकडचं, यमाईच्या डोंगराखालचं. मागच्या वीकएंडला मी तिथेच होते, कारण दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, बऱ्याच वर्षांनी परदेशातून आला होता. घर, गाडी, पॅकेज, सगळं तिकडे मस्त सेट झालंय. आता फक्त तिथलं नागरिकत्व घ्यायचं बाकी आहे. आणि ते घेतलं की आपला निळा पासपोर्ट परत करायचा. जेवणं झाल्यावर काकू गप्पच होती. दादा म्हणाला, ‘अगं, कागद तर आहे. एवढं काय त्यात?’

मला एकदम अराता आठवला.

अराता इझुमी. तुम्ही बालेवाडीला पुणे एफसीच्या मॅचेस बघितल्या असतील, तर हे नाव तुम्हाला सांगायला नको. मिडफिल्डमधून सुळकन पुढे घुसणारा, चणीने लहान, पण बॉल पायात आला की समोरच्या डिफेंडरला घाम फोडणारा. जन्म १९८२चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, बाबा गुजराती. भारतीय नाव नीलकंठ खंभोलजा. २००६मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळायला भारतात आला. मग मुंबईची महिंद्रा युनायटेड आणि २००९पासून पुणे एफसी.

पुण्यात तो रमला, लोकांचा लाडका झाला. पण कागदावर? परदेशी! क्लबमध्ये त्याची जागा परदेशी खेळाडूंच्या कोट्यातली. भारताकडून खेळायचं तर प्रश्नच नव्हता. २००८च्या अखेरीस आपल्या क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट सांगून टाकलं होतं, की देशाकडून खेळायचं असेल तर भारतीय पासपोर्टच हवा. बाबा भारतीय आहेत, आडनाव भारतीय आहे, हे चालणार नाही. दोन पासपोर्ट ठेवायचीही सोय नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि जपानचाही या बाबतीत कडकच आहे.

जगात सगळीकडे असं नसतं. १९९८चा वर्ल्ड कप जिंकणारी फ्रान्सची टीम आठवा. त्यात युरी जोर्काएफ होता, आलँ बोगोसियाँ होता. दोघांचीही मुळं आर्मेनियन. पण दोघं फ्रान्समध्येच जन्मलेले, त्यामुळे त्या जर्सीसाठी त्यांना काही सोडावं लागलं नाही. अराताला सोडावं लागलं. २०१२मध्ये, वयाच्या तिशीत, त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं.

जरा थांबून विचार करा. जपानी पासपोर्ट! जो दाखवला की अर्ध्या जगाचे दरवाजे व्हिसाशिवाय उघडतात. आणि त्याच्या बदल्यात आपला, जो घेऊन आपण व्हिसाच्या रांगेत बँक स्टेटमेंटची फाइल सांभाळत उभे असतो. करिअर काउन्सेलरला विचारलं असतं, तर त्याने कपाळावर हात मारला असता.

बरं, मिळालं काय? २०१३च्या फेब्रुवारीत कोचीमध्ये पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. मॅच आपण २-४ हरलो. पुढे भारताच्या जर्सीत त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. त्याच सीझनमध्ये पुणे एफसी मात्र आय-लीगमध्ये दुसरी आली. पुढे तो आयएसएलमध्ये कोलकात्याच्या टीमकडून खेळला, एफसी पुणे सिटीकडून खेळला, केरळ ब्लास्टर्सकडूनही खेळला.

आता खरी गंमत, खरं तर गंमत नाहीच. ज्या क्लबांनी त्याला महाराष्ट्रात आणलं, वाढवलं, त्यांचं काय झालं? महिंद्रा युनायटेड, २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम, २०१०मध्ये बंद. पुणे एफसीची सीनियर टीम २०१५मध्ये बंद. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये बंद. आपल्या राज्यातलं त्याचं जवळपास प्रत्येक ऑफिस टाळं लागलेलं, असंच म्हणा ना! आपल्यापैकी कुणाचा सीव्ही असा असता, तर आपण पहिलं विमान पकडलं असतं.

तो थांबला. खेळणं संपल्यावर रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या पोरांचा कोच झाला. नवी मुंबईच्या मैदानावर पुढची पिढी घडवू लागला. क्लब गेले, जर्सी गेली, पण नागरिकत्व राहिलं. आणि त्याची वाट बंदही झाली नाही. २०२५मध्ये बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. त्याचे आजोबा मुंबईच्या टीमकडून संतोष ट्रॉफी खेळलेले! या रस्त्याने त्याच्या आधी कोण गेलं होतं? अराता.

आमच्या औंधाला अशी माणसं नवीन नाहीत. पोलंडमध्ये जन्मलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा ज्यू इंजिनिअर इथे आला आणि १९३९मध्ये औंध संस्थानाने रयतेच्या हाती कारभार दिला, त्या कामात झटला. आटपाडीजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत उभी राहिली, त्यातही त्याचा हात होता. तो कुठला हे आमच्या आज्यांनी विचारलं असेल, पण ‘आपला’ म्हणायला कागद मागितला नसेल. देशाची जर्सी मात्र कागद मागते. आणि तो द्यायला कुणीतरी तयार होतं.

हे सगळं मी दादाला सांगितलं. मला वाटलं, वाद घालेल. तो बराच वेळ मोबाइलशी चाळा करत बसला. मग म्हणाला, ‘त्याला पश्चात्ताप होत नसेल?’

मी म्हटलं, ‘ते मला कसं माहीत असणार? पण कागदच तर आहे, असं तो म्हणाला नसेल, एवढं नक्की.’

दादा फॉर्म भरणार आहे. भरावाच, त्याची पोरं तिकडेच वाढलीयेत, त्याचं आयुष्य तिकडे आहे. फक्त सकाळी निघताना त्याने काकूला समोर बसवलं आणि काय सोडतोय, काय घेतोय, हे नीट समजावून सांगितलं. काकू रडली. पण गप्प नव्हती.