नोकरी सुटलेल्या घराचा हिशेब



नोकरी सुटल्यावर घर काटकसरीने कसे चालवावे, हा आजचा विषय मी सुचविला तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, काटकसर कोणाला शिकवावी लागते काय? पैसे संपले की ती आपोआप येते." ही समजूत फार सार्वत्रिक आहे व माझ्या मते ती चुकीची आहे. पैसे संपल्यावर जी येते ती ओढाताण. काटकसर करावयाची तर हाती चार पैसे शिल्लक असतानाच करावी लागते, आणि नेमके तेव्हाच ती करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा 1870 साली सुरू झाला तो कापसासाठी. पुढे खामगाव, मलकापूर, नांदुरा या गावी जिन व प्रेस उभे राहिले. त्या कारखान्यांचे काम बारमाही नव्हते. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागला की रेचे सुरू होत, आणि उन्हाळा तोंडावर आला की बंद पडत. रेच्यावर काम करणाऱ्या बायांची व गठाणी वाहणाऱ्या हमालांची नोकरी अशी दरसाल सुटतच असे. त्यांच्या घरी सहा महिन्यांच्या मजुरीवर बारा महिने काढण्याची विद्या होती. ती कोणी पुस्तकात लिहिली नाही, कारण ती अडाण्यांची विद्या समजली गेली.

माझे वडील अशाच एका जिनात काट्यावरचे कारकून होते. त्यांना मात्र बारमाही पगार असे, आणि त्या पगारामुळे आम्ही गल्लीत स्वतःस जरा वरचे समजत होतो. पुढे तो जिन बंद पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारची रेच्यावर काम करणारी एक बाई आईपाशी येऊन बसली. तिने सांत्वन वगैरे काही केले नाही. तिने एवढेच विचारले, "वयनी, घरात जवारी किती दिसाची हाय?" पोस्टात किती रुपये आहेत हे आईला ठाऊक होते, ज्वारी किती दिवसांची आहे हे ठाऊक नव्हते. दोघींनी मिळून कोठीतली ज्वारी मापली. सत्तावीस दिवसांची निघाली.

आज मला जे सांगावयाचे आहे ते बहुतेक या एका प्रश्नात आहे. पगारदार मनुष्याचा हिशेब महिन्याचा असतो व रुपयांत असतो. नोकरी सुटली की तो हिशेब दिवसांत मांडावा लागतो. शेतकरी तो तसाच मांडतो. त्याला पीक एकदाच येते. नोकरी सुटलेल्याच्या हातची शिलकी रक्कम हे त्याचे पीक होय, आणि पुढचे पीक केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू केला तेव्हा हजारो घरांनी हिशेब काही आठवड्यांचा धरला होता. तो संप वर्षाहून अधिक चालला, रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, आणि असंख्यांची नोकरी पुन्हा उभी राहिली नाही.

उदाहरणादाखल समजा, हाती 90,000 रुपये आहेत व घरखर्च महिना 18,000 आहे. पाच महिने निघतील. आता हाच खर्च एक तृतीयांशाने कमी करून 12,000 वर आणला तर साडेसात महिने निघतात. म्हणजे खर्च तिसऱ्या हिश्श्याने उतरला आणि मुदत निम्म्याने वाढली. परंतु हीच कपात तीन महिन्यांनी सुरू केली तर? तोवर 54,000 गेले. उरलेल्या 36,000 वर तीन महिने निघतील, एकूण सहा. उशिराची किंमत दीड महिना झाली! "अजून काय झाले आहे, बघू पुढे" असे म्हणण्यात घरोघर हा दीड महिना जातो.

कपात कोठे करावी, याविषयी लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्या दिवशी दूध कमी होते, दुसऱ्या दिवशी मुलांची फळे बंद होतात. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखविले की घर जितके गरीब तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. याचा आपल्यापुरता अर्थ असा की, उत्पन्न घटले म्हणजे अन्न हाच मोठा आकडा डोळ्यांपुढे येतो आणि कात्री तेथेच चालते. वास्तविक पहिली कात्री लोकलाजेच्या खर्चावर चालावी: वैशाखातल्या लग्नांचे आहेर, फटफटीचा हप्ता, दोन-दोन मोबाइलांचे रिचार्ज. ज्या कर्जाचा हप्ता भरणे जमणार नाही, त्याच्या बँकेत हप्ता थकण्यापूर्वी स्वतः जाऊन बोलावे. थकल्यावर गेलेल्या माणसाचे बोलणे ऐकावयास तिथे कोणाला सवड नसते.

आता धान्य. हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण दिवसही त्याचेच आहेत. पाच माणसांच्या घरात रोज दोन किलो धान्य धरले तर महिन्यास साठ किलो होते. सहा महिन्यांचे साडेतीन क्विंटलांहून थोडे अधिक. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कार्डावर माणशी 5 किलो धान्य महिन्याला ठरविले. ते मिळत असेल तर साठातले पंचवीस सुटतात. नोकरीत असताना कार्ड पेटीच्या तळाशी पडून असते. ते काढून पाहावे, नावे बरोबर आहेत का ते तपासावे आणि तहसिलीत अर्ज करण्यास लाजू नये. उरलेले धान्य हंगामात, बाजार समितीच्या गावी, दोन-तीन घरांनी मिळून पोत्याने घ्यावे. किराण्याच्या दुकानातून रोज पाव किलो घेणारा मनुष्य वर्षाअखेर पोते घेणाऱ्याहून जास्त पैसे देतो. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी. दाणे उन्हात चांगले तापवावेत, निवाल्यावर कडुनिंबाचा वाळका पाला घालून भरावेत.

नोकरी सुटताना जी एकरकमी रक्कम हाती येते तिचा पहिला उपयोग हाच. कामगार कपातीत सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा, ही तरतूद 1953 साली औद्योगिक विवाद कायद्यात आली. ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 साली झाला. आपले येणे किती, हे राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि ती रक्कम आली की मेहुण्याच्या सांगण्यावरून लगेच दुकान थाटू नये. (मेहुण्यांनी रागावू नये.) दुकानाची उधारी वसूल होण्यास सहा महिने लागतात, तेवढे दिवस घरात ज्वारी आहे का, हे आधी पाहावे.

वाण्याचे खाते आईने आठव्या दिवशी बंद केले. वडिलांना ते फार लागले. उधार मिळते ती आपली पत, असे ते समजत. आईचे म्हणणे, खात्यावर आणलेल्या जिनसेचा दिवसांत हिशेब होत नाही. त्या उन्हाळ्यात तिने बिबडे व कुरडया शेजारणीच्या अंगणात घातल्या, कारण सरपण एकच लागे. भाजीच्या जागी अंबाडी, शेवगा, बेसन आणि सांडगे आले. वरण मात्र रोज होई. त्यात शहाणपण होते. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत त्याच्या निम्मी. आणि ज्वारीत जे उणे ते डाळ भरून काढते. डाळ सोडून नुसत्या भाकरीने पोट भरणे ही बचत नव्हे.

पैशाइतकीच वेळेची गोष्ट आहे. व्हिएन्नाजवळ मारियेन्थाल नावाच्या वस्तीतला कापडाचा कारखाना 1930 च्या सुमारास बंद पडला व जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा व तिच्या सहकाऱ्यांनी तेथे राहून पाहणी केली. ती 1933 साली प्रसिद्ध झाली. वाचण्यास आता वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तके कमी झाली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले. बायका तशा रेंगाळत नव्हत्या, कारण त्यांचे घरकाम सुटले नव्हते. उलट, कमी पैशात तेच घर चालविणे म्हणजे जास्त काम.

2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून व सुरतेहून कामे सुटून आपल्या मेहकर-लोणारकडची माणसे परत आली तेव्हाही घरोघर हेच झाले. माणसे वाढली, मिळकत थांबली, आणि चुलीपुढची बाई तीच राहिली. काटकसर कोणाच्या ताटात होते, हे म्हणूनच पाहिले पाहिजे. आपल्याकडे बाई मागून जेवते. कमी पडले तर तिला पडते, आणि हिशेबाच्या वहीत ते कोठेही दिसत नाही.

आमच्या घरी वडिलांना दुसरे काम लागावयास अकरा महिने गेले. कर्ज झाले नाही, शाळा सुटली नाही. नातेवाईक आईच्या टुकीचे कौतुक करीत. त्याच पावसाळ्यात ती पाणी भरताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त फार कमी झाल्याचे सांगितले आणि, काय जेवता, असे विचारले. ती म्हणाली, सगळ्यांबरोबरचेच. वडील काही बोलले नाहीत. त्या रात्रीपासून त्यांनी पाट मांडला तो पाचही जणांचा एकदम, आणि वरणाचे भांडे मध्ये ठेवून ते स्वतः वाढू लागले. सत्तावीस दिवसांची ज्वारी मापली तेव्हा हे मापावयाचे राहून गेले होते.