शाळेच्या मैदानापासून रणजीच्या मैदानापर्यंत

दर वर्षी संघनिवडीचे दिवस आले की काही पालक आम्हाला भेटतात. मुलगा चांगला खेळतो, त्याला खेळातच पुढे न्यावे का? दहावीचे वर्ष वाया तर जाणार नाही? प्रश्न योग्य आहे, पण एका शब्दात त्याचे उत्तर देता येत नाही. शाळेच्या संघापासून पोटापाण्याच्या खेळापर्यंतची वाट कशी असते, ते आधी पाहू या.

आपल्या देशात शालेय खेळाची सर्वांत जुनी व नामांकित परंपरा मुंबईच्या क्रिकेटची आहे. १४ वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स शील्ड आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धा तेथे शंभराहून अधिक वर्षांपासून चालू आहेत. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकर यांनी वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला. रोजची ये-जा जमेना, म्हणून ते शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागले. म्हणजे नाव होण्याआधी सगळ्या घराने आपली घडी बदलली होती. आमच्या मते शतकांच्या यादीपेक्षा ही गोष्ट पालकांनी अधिक लक्षात ठेवावी.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. त्याच वर्षी सचिन रणजी खेळले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, कराचीत कसोटी. विनोद कांबळी यांनी १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकली. तरी त्यांची शेवटची कसोटी १९९५ मध्येच झाली, तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. एकच शाळा, एकच गुरू, त्या दिवशी तर धावाही विनोदच्याच जास्त! पुढे जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. साऱ्या जगात बातमी झाली, पण भारतीय संघाचे दार काही त्या एका डावाने उघडले नाही.

याचे कारण मधल्या पायऱ्या. शाळेनंतर राज्याच्या १६ वर्षांखालील संघातून विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक, २३ वर्षांखालील सी. के. नायडू करंडक आणि मग रणजी. उज्जैनच्या मुलाला प्रथम मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेच्या उज्जैन संभागाच्या संघात यावे लागते. आपल्याच गावी जन्मलेले नमन ओझा २०००-०१ मध्ये रणजी खेळू लागले. कसोटी टोपी मिळाली ऑगस्ट २०१५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी. आयपीएलची बोली टीव्हीवर दिसते, ही मधली वर्षे दिसत नाहीत.

अमेरिकेत ही मधली वर्षे बहुतेक महाविद्यालयात जातात. तेथे शाळेतील चांगल्या खेळाडूला महाविद्यालये शिष्यवृत्ती देऊन घेतात, आणि त्यातून व्यावसायिक संघ निवड करतात. लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेले. पण २००६ पासून शाळा संपल्यावर किमान एक वर्ष थांबण्याचा नियम लागू झाला. फुटबॉलमध्ये (त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात धरून पळण्याचा) हे अंतर तीन वर्षांचे आहे. टेक्सास राज्याने १९८४ मध्ये नियमच केला की विषयात नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला काही काळ संघाबाहेर बसावे लागेल. एवढी व्यवस्था असूनही महाविद्यालयीन खेळाडूंपैकी शेकडा दोनसुद्धा व्यावसायिक होत नाहीत, असे तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनाच सांगते. उरलेल्यांच्या हाती निदान पदवीची वाट असते.

आपल्याकडे खेळ क्लबमध्ये, अभ्यास शाळेत आणि खर्च घरात, अशी विभागणी आहे. म्हणून दहावीत खेळ बंद करावा असे आम्ही म्हणत नाही, आणि परीक्षा सोडावी असे तर मुळीच नाही. सरावाचे तास ठरवून द्यावेत. स्पर्धेमुळे चाचणी चुकली तर आधी कळवावे.

मुलींच्या पालकांनीही हे वाचावे. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना यांना २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. आणि क्रिकेट हाच काही एकमेव खेळ नव्हे. मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे, आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यात लाखोंची बोली नाही, पण प्रशिक्षकाचे काम आहे.

शालेय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे विकासखंड, जिल्हा, संभाग आणि राज्य अशा क्रमाने होतात. वयोगट १४, १७ व १९ वर्षांखालील. क्रिकेट मंडळ तर १६ वर्षांखालील मुलांच्या हाडांची तपासणी करूनही वय पडताळते. तेव्हा जन्मदाखला आणि शाळेच्या रजिस्टरमधील तारीख यांत फरक असेल, तर पालकांनी निवडीची वाट न पाहता कार्यालयात येऊन तो दुरुस्त करून घ्यावा.