अळंबीचे नाव-गाव

श्रावणाच्या तोंडावर पापडीच्या बाजारात डोंगराकडून आलेल्या आदिवासी स्त्रिया सागाच्या पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसतात, आणि घेणारा प्रथम विचारतो तो प्रश्न एकच : "बाय, वारुळावरची ना?" या प्रश्नात पिढ्यांचे ज्ञान आहे. परंतु छत्रीसारखी दिसणारी ती सर्व अळंबी एकच, केवळ खाण्याची आणि विषारी एवढाच काय तो तिच्यात भेद, हा जो समज त्याच ज्ञानाच्या आडोशाने वाढला आहे, तो तपासून घेण्याजोगा आहे.

वाट्यातील ती अळंबी 'टर्मिटोमायसिस' या प्रजातीची. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ साली हे नाव मुक्रर केले. तिच्याहून सर्वस्वी निराळे कुळ 'रुसुला' या ठिसूळ अळंबीचे. कवकशास्त्रज्ञ पर्सून यांनी १७९६ साली लॅटिनमधील 'तांबूस' या अर्थाच्या शब्दावरून प्रजातीचे हे नाव बेतले, आणि त्यामुळेच लाल छत्र म्हणजे रुसुला, व रुसुला म्हणजे लाल छत्र, अशी दुहेरी चूक सहज घडते. वस्तुतः हिच्या मान्य जाती साडेसातशेहून अधिक असून त्यांत हिरव्या आहेत, पिवळ्या, जांभळ्या, पांढऱ्या आणि काळ्याही आहेत. शिवाय एकाच जातीचे लाल छत्र पावसाच्या माऱ्याने धुऊन फिके गुलाबी होते, तेव्हा रंगाच्या साक्षीवर निकाल देणे धोक्याचे.

खरी साक्ष मोडण्यात आहे. टर्मिटोमायसिसचा दांडा सोलला तर त्याचे उभे धागे निघतात. रुसुलाचा दांडा खडूच्या कांडीसारखा कट्‌कन तुटतो, कारण तिच्या गरात धाग्यांच्या जोडीला गोल पेशींचे पुंजके भरलेले असतात. तिच्या भाऊबंद 'लॅक्टेरियस'चा गरही असाच ठिसूळ, मात्र जखम होताच तिच्यातून चीक पाझरतो. येथवर प्रजातीचा निर्णय झाला. जातीचा निर्णय याहून कठीण. त्यासाठी ताजे छत्र रात्रभर काचेवर पालथे ठेवून बीजाणूंचा ठसा पांढरा उमटतो की सायीच्या, पिवळसर वा गेरूच्या छटेचा, हे पाहावे लागते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली आयोडीनच्या द्रावणाने त्या बीजाणूंवरील उंचवट्यांची जाळी निळी-काळी होऊन उठते, तिची ठेवण न्याहाळावी लागते.

एकदा दिलेले नाव अढळ असते, हाही गैरसमजच. कवकशास्त्रज्ञ शेफर यांनी १७७४ साली 'अगॅरिकस एमेटिकस' म्हणून नोंदवलेली वांतिकारक जाती पर्सून यांनी रुसुलाच्या खात्यात वर्ग केली. जमिनीच्या दप्तरात फेरफार होतो तसाच हा प्रकार, आणि त्यात शरमण्यासारखे काही नाही. शरमेची गोष्ट दुसरी आहे : आशियातील कित्येक अळंबींना दीर्घकाळ युरोपीय जातींचीच नावे चिकटवली गेली, आणि जनुकीय तपासणीनंतर त्यांतील अनेक स्वतंत्र जाती ठरल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणातील कणाद दास व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातून नव्या रुसुला-जातींची केलेली वर्णने मला म्हणूनच मोलाची वाटतात. आपल्या मातीला तिचे स्वतःचे नाव मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

मग पापडीजवळच्या तुंगारेश्वराच्या रानात पाऊस पडला की रुसुला उगवलीच पाहिजे, असे मानावे काय? तसे नाही. रुसुलाचे कवकतंतू विशिष्ट वृक्षांच्या मुळाग्रांना वेढून त्यांच्याशी अन्नाची देवघेव करतात. साल, ओक, चीड हे तिचे यजमान. २००३ साली अभयारण्य झालेल्या, सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या या रानात मुख्य भरणा सागाचा व ऐनाचा, आणि त्यांच्या मुळांचे सख्य निराळ्याच कवकांशी असते. सबब येथे ठिसूळ दांड्याची अळंबी आढळलीच, तर भोवतालची झाडे कोणती, ही नोंद आधी करावी.

चांदीचे नाणे किंवा लसणाची पाकळी काळी न पडली तर अळंबी निर्धोक, ही समजूत तर प्राणघातक आहे. 'अमानिटा' या विषारी अळंबीतील मारक विष नाण्याला स्पर्श करीत नाही, उकळूनही नष्ट होत नाही, आणि त्याची लक्षणे बहुधा सहा ते चोवीस तासांनी उमटतात. 'रुसुला सबनायग्रिकन्स' या पूर्व आशियातील जातीने स्नायूंचा नाश होऊन माणसे दगावली आहेत. तिच्यातील विषद्रव्य जपानी रसायनज्ञांनी २००९ साली ओळखले.

परवा पापडीच्या बाजारात एका बाईने माझ्या "वारुळावरची ना?" या प्रश्नाला शब्दांनी उत्तर दिलेच नाही. वाट्यातील एक अळंबी उचलून तिने तिचा दांडा दोन बोटांत धरला, आणि खाली लोंबणारे, लाल मातीने माखलेले वीतभर लांब शेपूट माझ्यासमोर धरले.