कादवेच्या काठची द्राक्षं

परवा गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, वाइनची द्राक्षं आपल्याच दिंडोरी-निफाडला एवढी का?" उत्तर कादवा नदीच्या खोऱ्यात आहे.

कादवा दिंडोरीच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या डोंगरात उगवते. तिकडं पाऊस धो धो, म्हणून भात-नागली. पण ढग डोंगरावरच रिते होतात. निफाडकडं यावं तसा पाऊस कमी होत जातो. द्राक्षाला हेच मानवतं. फळ भरताना पाऊस आला तर मणी तडकतात, कुजतात. आपल्याकडं हिवाळा बहुतेक कोरडा. दिवसा ऊन, रात्री गारठा. उन्हानं साखर भरते, गारठ्यानं आंबटपणा टिकतो आणि वाइनला दोन्ही हवं. युरोपात थंडीत वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. आपला वेल तसा झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये काडी तयार करायला खरड छाटणी आणि पावसाळा सरता फळछाटणी.

पण कोरड्या दिवसात पिकणारी बाग पाणी मागते. ते येतं कादवेवरच्या करंजवण आणि पालखेड धरणांतून. कोळवण नदीवर वाघाड, उनंदेवर ओझरखेड. या दोन्ही नद्या कादवेलाच मिळतात. पालखेडचा डावा कालवा पार येवल्यापर्यंत जातो, मनमाडचं पिण्याचं पाणीही वर्षानुवर्षं त्यातूनच गेलं. त्यामुळे इथं आवर्तन लांबलं की तिकडच्या बायकांचे हंडे रिकामे. बागेला ठिबक का, हे मला तरी याच हिशोबानं पटतं. उरलेली कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत मिसळते. तिथल्या पाणथळीचा रामसर दर्जा २०२० मध्ये जाहीर झाला. राज्यातली ती पहिली.

आता आपल्या कामाचं. खायच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, म्हणून घड बुडवणं, विरळणी, आणि हे काम बहुतेक बायकांचंच. वाइनला मणी बारीकच बरा. रंग आणि चव सालीत असते, बारीक मण्यांत रसाच्या मानानं साल जास्त. म्हणजे त्या बागेत ही दोन्ही कामं जवळजवळ नाहीत, मजुरीचे दिवस कमी. मालकाचा खर्च वाचतो, आपला रोज जातो. विरळणीच्या टोळ्यांनी हंगामाआधीच विचारून घ्यावं, यंदा बाग कुठल्या वाणाची.

आणि ज्यांची स्वतःची बाग आहे त्यांनी ध्यानात ठेवा, हा बारीक, बियांचा माल बाजारात कुणी खायला घेत नाही. कंपनीनं उचलला नाही तर तो वेलावरच राहतो. लागवडीआधी दर, साखरेची अट आणि माल उचलायची मुदत लेखी घ्या, आणि कागदाची एक प्रत घरात ठेवा.